आजीचं मे फ्लॉवर

इंदूरच्या जुन्या घराचा सौदा श्रावणात झाला आणि महिनाभरात फ्लॅटमध्ये राहायला जायचं ठरलं. आजीने एकच गोष्ट मागितली, "अंगणातली माझी लिली तेवढी घ्या रे बरोबर."

ही लिली म्हणजे आपलं मे फ्लॉवर, ज्याला फुटबॉल लिलीही म्हणतात. मूळची आफ्रिकेची. एकेका लाल चेंडूत शंभराहून जास्त बारीक फुलं असतात, पण हा सोहळा वर्षातून एकदाच.

मी घाईघाईत कंद उपटले, मुळांची माती झटकली आणि पिशवीत मावेनात म्हणून हिरवीगार पानं छाटून टाकली. पुढच्या मे महिन्यात आजी रोज सकाळी बाल्कनीत डोकावायची. कुंडीत नुसती पानंच आली. तिने विचारणं थांबवलं, ते मला जास्त लागलं.

चूक माझीच होती. फूल सुकल्यावर हीच पानं कंदात अन्न साठवतात आणि त्यावरच पुढचं फूल येतं. मी कंदाला उपाशी ठेवलं होतं.

तुम्हाला लिली हलवायची असेल, तर थंडीत पानं आपोआप पिवळी पडून वाळू द्या. त्यानंतर मार्चपर्यंत कंद झोपलेला असतो, तेव्हा काढा. खुरपं कंदापासून वीतभर लांब चालवा आणि जाड मुळं तोडू नका. बाजूची पिल्लं सहज सुटली तरच वेगळी करा. तळाला भोक असलेल्या कुंडीत माती, वाळू आणि जुनं शेणखत सारख्या प्रमाणात घ्या. कंदाची मान मातीच्या वर जेमतेम दिसली पाहिजे. कोंब दिसेपर्यंत पाणी अगदी बेताचं, नाहीतर कंद कुजतो. दुपारचं कडक ऊनही टाळा.

आमच्यासारखं भर पावसाळ्यात हलवावं लागलंच, तर मातीच्या गोळ्यासकट उचला आणि पानांना हात लावू नका. एक सावधगिरी: कंद कांद्यासारखा दिसतो, पण विषारी असतो. लहान मुलं आणि कुत्र्या-मांजरांपासून लांब ठेवा.

दुसऱ्या वर्षी आम्ही कुंडीला अजिबात छेडलं नाही. मे संपता संपता मातीतून जाड देठ वर आला आणि चार दिवसांत लाल चेंडू उमलला. आजी खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली आणि म्हणाली, "रुळली गं बाई एकदाची नव्या घरात!"