वहिवाटीने जडलेले प्रेम

प्रणयविनोदी कथा ही मूलतः विलंबाची कला आहे. नायक-नायिकेचे मीलन अखेरीस व्हावयाचेच आहे, हे प्रेक्षकाला पहिल्या अर्ध्या घटकेतच उमगलेले असते. आणि तरीही ते मीलन लांबणीवर टाकण्यासाठी लेखकाने जी कारणे योजिली असतील, त्यांच्या खरेपणावरच त्या कथेची सारी प्रतिष्ठा अवलंबून राहते. जपानी शाळकरी प्रेमकथांच्या ॲनिमे मालिकांत हा विलंब पुष्कळदा फार स्वस्त साधनांनी मिळविलेला आढळतो: दाराआडून ऐकलेले अर्धे वाक्य, ऐन कबुलीच्या क्षणी आकाशात फुटलेली आतषबाजी आणि तिच्या आवाजात बुडालेले शब्द, किंवा भलत्याच्याच हाती पडलेले प्रेमपत्र. ‘तोरादोरा’ या मालिकेचा आरंभही अशाच एका वाट चुकलेल्या पत्राने होतो. आणि म्हणूनच, पुढील पंचवीस भागांत तिने त्या जुन्या साधनाचे जे काही केले, ते पाहिल्यावर ही मालिका तिच्या जातीच्या इतर मालिकांहून निराळी का ठरली, याचा विचार करणे मला अगत्याचे वाटते.

युयुको ताकेमिया यांच्या दहा खंडांच्या कादंबरीमालेवरून जे. सी. स्टाफ या चित्रसंस्थेने तयार केलेली ही मालिका ऑक्टोबर २००८ ते मार्च २००९ या काळात टीव्ही टोकियो वाहिनीवरून प्रक्षेपित झाली. दिग्दर्शक तात्सुयुकी नागाई, पटकथेची एकंदर रचना करणाऱ्या मारी ओकादा आणि पात्रांची रूपे रेखाटणारे मासायोशी तानाका या तिघांनी पुढे २०११ साली ‘आनोहाना’ ही बालपणीच्या मैत्रिणीच्या मृत्यूचे शल्य उराशी बाळगणाऱ्या मुलांची मालिका निर्माण केली. ती ज्यांनी पाहिली असेल, त्यांना ‘तोरादोरा’च्या उत्तरार्धातील अश्रू कोठून आले हे निराळे सांगावे लागणार नाही. शीर्षकातच नायक-नायिकेची नावे गुंफलेली आहेत. जपानीत ‘तोरा’ म्हणजे वाघ, आणि ‘दोरा’ हा ड्रॅगन या शब्दाच्या जपानी उच्चाराचा पूर्वार्ध. नायिका ताइगा आयसाका हिच्या नावातून ‘टायगर’ हा इंग्रजी शब्द ऐकू येतो, तर नायक र्‍यूजी ताकासू याच्या नावातील ‘र्‍यू’ म्हणजेच ड्रॅगन.

र्‍यूजीला बापाकडून वारशाने मिळाले आहेत ते केवळ भेदक डोळे, ज्यांच्यामुळे वर्गातली मुले त्याला गुंड समजून दूर सरतात. परंतु हा मुलगा अंतर्यामी असा गृहकृत्यदक्ष, की भिंतीच्या कोपऱ्यातील बुरशी दिसली म्हणजे त्याला चैन पडत नाही, आणि रात्रपाळीस मद्यगृहात राबणाऱ्या आईच्या संसाराचा सारा भार त्याने आपण होऊन शिरावर घेतलेला आहे. त्यांच्या जुन्या, भाड्याच्या घराशेजारी एक उंची इमारत उभी राहिली असून तिने त्यांच्या खिडकीतील ऊन हिरावून घेतले आहे. आणि त्या ऊन हिरावणाऱ्या प्रशस्त सदनिकेत ताइगा, ठेंगणी, देखणी आणि संतापी, एकटी राहते. सावत्र आईशी पटत नाही म्हणून बापाने तिला पैसा आणि सदनिका देऊन वेगळे काढलेले आहे. र्‍यूजीचा मित्र कितामुरा याला लिहिलेले तिचे पत्र चुकून र्‍यूजीच्या दप्तरात जाते. ते परत मिळविण्यासाठी ती मध्यरात्री लाकडी तलवार घेऊन खिडकीतून त्याच्यावर चालून येते. आणि ऐन झटापटीत भुकेने कोसळते. र्‍यूजी तिला परतलेला भात करून वाढतो.

या भातापाशी मला थांबावेसे वाटते, कारण मालिकेचे सारे सामर्थ्य त्या ताटात आहे. दोघांत एक तहनामा होतो: त्याने तिला कितामुराच्या प्राप्तीसाठी साहाय्य करावयाचे, आणि तिने आपली जिवलग मैत्रीण मिनोरी हिच्याशी त्याचे सूत जुळवून द्यावयाचे. या तहाच्या मोहिमा एकामागून एक फसत जातात. पण त्या निमित्ताने ताइगा रोज सकाळ-संध्याकाळ त्याच्या घरी जेवू लागते. तिच्या स्वयंपाकघरातील कुजलेली भांडी तो घासतो, तिच्यासाठी शाळेचा डबा भरतो. त्याची आई तिला घरचीच लेक मानू लागते. बुटक्या मेजाभोवती तीन वाट्या मांडल्या जातात आणि तिसरी वाटी कोणाची हे कोणी विचारीत नाहीसे होते. जमिनीच्या कज्जात जिला आपण वहिवाट म्हणतो, म्हणजे कागदोपत्री हक्क नसताना नित्याच्या वापरातून निर्माण होणारा हक्क, ती येथे माणसाच्या माणसावरील हक्काच्या रूपाने आपल्या डोळ्यांदेखत निर्माण होते; आणि ती निर्माण होत असताना तिचे नाव प्रेम आहे, हे त्या दोघांच्या ध्यानीही नसते. ज्याला प्रेम म्हणून त्यांनी ओळखले आहे ते दुसरीकडे आहे: तो मिनोरीकडे पाहून घाबरा होतो, ती कितामुरासमोर शब्द हरवून बसते. प्रेमाची वहिवाट एके ठिकाणी आणि प्रेमाचे नाव दुसऱ्या ठिकाणी, अशी ही योजना मला अतिशय सत्य वाटते. कारण ज्याच्यापुढे आपण अडखळतो त्याच्यावर आपले प्रेम आहे असे वयाच्या सोळाव्या वर्षी वाटणे स्वाभाविक असते, आणि ज्याच्यापुढे आपण निःसंकोच दुसऱ्यांदा भात मागून घेतो त्याचा विचारही मनात येत नाही.

मात्र या भातापर्यंत पोहोचण्यासाठी प्रेक्षकाला जे सोसावे लागते, त्याचीही नोंद केली पाहिजे. पहिल्या खेपेस मी ही मालिका चौथ्या भागापाशी सोडून दिली होती, आणि त्या निर्णयाचे कारण आजही मला अयोग्य वाटत नाही. ताइगा र्‍यूजीला मारते, लाथाडते, कुत्रा म्हणून हिणवते, आणि या सर्वांवर आपण हसावे अशी अपेक्षा असते. बाहेरून कठोर व आतून मृदू अशा नायिकेला जपानी रसिक ‘त्सुंदेरे’ म्हणतात. त्या काळी ही नायिका एक ठराविक साचा होऊन बसली होती, इतकी की ताइगाला आवाज देणाऱ्या रिए कुगिमिया यांनीच २००५ साली ‘शाकुगान नो शाना’त आणि २००६ साली ‘झीरो नो त्सुकाइमा’त अशाच नायिका रंगविलेल्या होत्या. साचा उसना घेणे हा गुन्हा नव्हे. परंतु मुलीने मुलाला केलेली मारहाण ही हास्यास्पदच असते, हे गृहीत साच्याबरोबर आत आले आणि लेखकांनी त्याची झडती घेतली नाही. याच दुखावलेल्या मुलीच्या संतापाचे मूळ पुढे बापाच्या उपेक्षेत दाखविले जाते, तेव्हा मागील हास्य आपल्याला लाजिरवाणे वाटू लागते. पण ही लाज मालिकेने जाणून निर्माण केली असे म्हणण्यास पुरावा नाही. मुलींच्या शरीराविषयीचे विनोद, विशेषतः ताइगाच्या सपाट छातीवरून जलतरणाच्या प्रसंगी उभे केलेले प्रकरण, त्याहूनही निःसत्त्व आहेत. एवढ्या कसदार लेखणीला त्यांची काही एक गरज नव्हती.

दुसऱ्या खेपेस मी पुढे गेलो, आणि शालेय महोत्सवाच्या भागांत मला या मालिकेचा खरा पिंड दिसला. ताइगाचा बाप अचानक समेट करू पाहतो. ताइगाला तो नको आहे. र्‍यूजी, ज्याला स्वतः बाप नाही, तिला समेटासाठी आग्रह करतो. मिनोरी त्याच्यावर संतापते, कारण या बापाने पूर्वी कसे वचन मोडले ते तिने पाहिले आहे. र्‍यूजी ते मनावर घेत नाही. आणि महोत्सवाच्या दिवशी बाप येत नाही. येथे खलपुरुष दूर राहिला, आणि दोषाची फिर्याद नायकाच्याच दारी येते: स्वतःच्या उणिवेपोटी त्याने दुसऱ्याच्या दुःखाचा निवाडा केला होता. शाळकरी विनोदी मालिकेत नायकाला इतक्या गंभीर प्रमादाचा धनी करणे, आणि तो प्रमाद सद्भावनेतूनच घडला असे दाखविणे, यास लेखकाचे धैर्य लागते.

विलंबाचा जो मुद्दा आरंभी मांडला, त्याचे उत्तर मालिका येथून पुढे देते. आता गैरसमज संपलेले आहेत. विलंब चालू आहे तो परस्परांच्या भल्याच्या जाणिवेने. मिनोरी ही हसरी, बडबडी, सॉफ्टबॉलच्या मैदानावर घाम गाळणारी मुलगी. उन्हाळ्यात समुद्रकाठच्या बंगल्यावर ती र्‍यूजीला सांगते की काहींना भुते दिसतात तसे काहींना प्रेम होते, आणि आपल्याला ते कधी दिसेल की नाही याची तिला शंका वाटते. पुढे ते भूत तिला दिसते, र्‍यूजीच्याच रूपाने. परंतु नाताळच्या पूर्वरात्री काय घडते? शाळेत मेजवानी आहे. ताइगाने मंचावर गाणे म्हटले आहे. र्‍यूजीने मिनोरीपुढे मन मोकळे करावे म्हणून तीच त्याला पुढे धाडते. एकटी घरी परतलेल्या ताइगाला आनंदवावे म्हणून र्‍यूजी अस्वलाचा पोशाख चढवून, नाताळबाबा होऊन, तिच्या दारी येतो. ती आनंदते, आणि पुन्हा त्याला मिनोरीकडे पिटाळते. तो गेल्यावर रिकाम्या घरात तिला कळते की उद्यापासून त्या मेजावर आपली वाटी मांडली जाणार नाही. ती अनवाणी रस्त्यावर धावत येते, र्‍यूजीच्या नावाने आक्रोश करते, आणि हे मिनोरी पाहते. त्यानंतर मिनोरी र्‍यूजीला बोलूच देत नाही. त्याने विचारण्याआधीच ती नकार देते.

या प्रसंगात कोणाचेही वाक्य अर्धवट ऐकले गेलेले नाही, कोणतेही पत्र चुकलेले नाही. तिघांनाही सत्य ठाऊक आहे, किंवा ठाऊक होण्याच्या उंबरठ्यावर आहे. आणि प्रत्येक जण दुसऱ्यासाठी मागे सरतो आहे. विलंबाला सदसद्विवेकाचा आधार मिळाला की विनोदी कथेचे रूपांतर कसे होते, याचे इतके स्वच्छ उदाहरण या प्रकारच्या ॲनिमेत मी दुसरे पाहिलेले नाही. नागाई यांचे दिग्दर्शनही येथे संयमी आहे. रात्रीचा रस्ता, उघडे पाय आणि एका नावाची हाक, याहून अधिक काही त्यांना लागत नाही.

अखेरच्या भागांविषयी माझी तक्रार मुदतीची आहे. मोठ्या माणसांच्या व्यवहारांमुळे ताइगावर दूर जाण्याची पाळी येते, तेव्हा ती आणि र्‍यूजी पळून जाऊन लग्न करण्याचा निश्चय करतात. या निश्चयामागील कल्पना निर्दोष आहे: र्‍यूजीची आईही कोवळ्या वयात, गर्भवती असताना, आईबापांचे घर सोडून गेलेली होती, आणि मुलगा नकळत तिच्याच पावलावर पाऊल ठेवतो आहे. आजोबा-आजीच्या घरी मुलांचे पळून जाणे आणि आईचे परतणे एकत्र येते, हे कथाकाराचे कौशल्य मी नाकारीत नाही. परंतु तेवीस भाग ज्या मालिकेने एका वाटीची जागा ठरविण्यात घालविले, तिने विवाहाचा निश्चय, पलायन, आजोळची भेट, ताइगाचे निघून जाणे, एक वर्षाचा वियोग आणि पदवीदानाच्या दिवशीचे पुनर्मीलन हे सारे जेमतेम दोन भागांत कोंबावे, ही गोष्ट खटकते. त्यातही ताइगाचे ते वर्ष, जिच्याशी कधी पटले नाही त्या सख्ख्या आईजवळ राहून तिने काय सोसले आणि काय जुळविले, हे आपल्याला दिसतच नाही. आरंभीच्या भागांत पाठलाग करणाऱ्या एका माणसाच्या क्षुल्लक प्रकरणाला जो वेळ मिळाला, तो येथे मिळावयास हवा होता.

आणि मग अमी. कावाशिमा अमी ही वेळेआधी प्रौढ झालेली मुलगी, मॉडेल म्हणून काम करणारी, लोकांसमोर गोड आणि एकांतात तिखट. शाळेत पेय विकणाऱ्या दोन यंत्रांमधील अरुंद फटीत बसण्याची तिला सवय आहे. सर्वांच्या आधी तिलाच दिसले होते की र्‍यूजी हा ताइगाचा बाप होऊ पाहतो आहे, की हा घर-घर खेळण्याचा प्रकार फार काळ चालणार नाही, की मिनोरीच्या हास्यामागे अपराधी मन आहे. तिने ते बोलूनही दाखविले, आणि त्याबद्दल तिला दुष्टपणाचे किटाळ सोसावे लागले. तिचेही र्‍यूजीवर मन होते. ते दोन-चार वाक्यांत सूचित होते, आणि र्‍यूजीला ते पुरतेपणी कधी कळतही नाही. मिनोरीला तिच्या अश्रूंसाठी एक संपूर्ण प्रसंग मिळाला, कितामुराला केस रंगवून बंड करण्यास आणि विद्यार्थी-संघाच्या अध्यक्षेपुढे मन मोकळे करण्यास भाग मिळाले. अमीला मिळाली ती फट. तिच्यासाठी कोणी भात परतला नाही, आणि मालिकेलाही तो परतावा असे सुचले नाही.