सुरांची तूट

बेव्हर्ली सिल्स या अमेरिकन गायिकेचे २००७ साली निधन झाले. तार स्वरांत अतिद्रुत ताना लीलया घेणारी ‘कोलोरातुरा सोप्रानो’ ही त्यांची ख्याती. तथापि त्यांच्या कारकिर्दीचा उत्तरार्धही तितकाच उद्बोधक आहे.

ब्रुकलिनमध्ये १९२९ साली जन्मलेल्या सिल्स १९५५ मध्ये न्यूयॉर्क सिटी ऑपेरात दाखल झाल्या. सामान्यांना परवडेल अशा दरात ऑपेरा दाखविण्यासाठी १९४३ मध्ये ही संस्था निघाली होती. तेथेच १९६६ मध्ये हँडेलच्या ऑपेरातील क्लिओपात्राने त्यांना कीर्ती दिली. त्याच वर्षी बॉमोल व बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी रंगमंचीय कलांच्या अर्थकारणावरील ग्रंथ प्रसिद्ध केला. यंत्रामुळे कामगाराची उत्पादकता वाढते. जुना ऑपेरा सादर करण्यास मात्र आजही तितकेच गायक आणि तितकाच वेळ लागतो. वेतने तर सर्वत्र वाढतात. साहजिकच तिकीटविक्रीतून खर्च भागेनासा होतो.

सिल्स यांनी १९७९ मध्ये संस्थेची सूत्रे स्वीकारली, पुढच्याच वर्षी गायन थांबविले आणि १९८९ पर्यंत देणग्या मिळवून तिला सावरले. १९८३ पासून रंगमंचावर इंग्रजी भाषांतर झळकू लागले. परभाषेतील ऑपेरा सामान्य प्रेक्षकालाही कळू लागला.

तरीही २०१३ मध्ये संस्थेचे दिवाळे वाजले. एका व्यक्तीच्या पुण्याईवर कलासंस्था काही काळ तगते, कायमची नव्हे. कलेची तूट हा नेहमीच गैरकारभाराचा पुरावा नसतो. बहुधा तो तिचा स्वभावधर्म असतो. कला सर्वांसाठी हवी असेल, तर ती तूटही सर्वांनीच सोसली पाहिजे.