संत बर्णबाचे बेट : वारसा, दंतकथा आणि दुभंग

जून २०२५ मध्ये भारताचे पंतप्रधान नरेंद्र मोदी सायप्रसच्या भेटीवर गेले, तेव्हा त्यांना त्या देशाचा सर्वोच्च बहुमान प्रदान करण्यात आला. ‘ऑर्डर ऑफ मकारिओस तिसरे’ हे त्या बहुमानाचे नाव आपल्या वृत्तपत्रांनी छापले. परंतु ज्यांच्या नावाने तो दिला जातो, ते मकारिओस हे त्या राष्ट्राचे पहिले अध्यक्ष तर होतेच, शिवाय तेथील ऑर्थोडॉक्स ख्रिस्तसभेचे आर्चबिशपही होते, याचा उल्लेख क्वचितच कोठे झाला. अंगात पाद्र्याचा झगा, हाती धर्मदंड आणि त्याच हाती राज्याची मोहोर, असे ते व्यक्तिमत्त्व होते. सायप्रसचे आजचे दुखणे समजून घ्यायचे असेल, तर हा एक धागा हाती धरावा लागतो.

त्या भेटीपाठोपाठ दोन घटना घडल्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये बेटाच्या उत्तर भागातील तुर्की सायप्रियट समाजाने तुफान एर्हुर्मान यांना मोठ्या बहुमताने आपला नेता निवडले. त्यांच्या आधीचे नेते एर्सिन तातार हे दोन स्वतंत्र राष्ट्रांच्या भूमिकेचे पुरस्कर्ते होते. एर्हुर्मान संघराज्याच्या तोडग्याचे समर्थक मानले जातात. त्यानंतर २०२६ च्या पहिल्या सहामाहीसाठी युरोपीय संघाच्या मंत्रिपरिषदेचे अध्यक्षपद सायप्रसकडे आले. युरोपच्या बैठकांचे यजमानपद भूषविणाऱ्या या देशाची स्वतःची राजधानी मात्र काटेरी तारांनी दुभागलेली आहे. २०१७ मध्ये स्वित्झर्लंडमधील क्रान्स-मोंताना येथे फिसकटलेली बोलणी पुन्हा सुरू होतील काय, हा प्रश्न त्यामुळे नव्याने विचारला जाऊ लागला.

आपणा ख्रिस्ती वाचकांना हे बेट परके नाही. जुन्या मराठी बायबलमध्ये ते ‘कुप्र’ या नावाने येते. (तांब्याला लॅटिन भाषेत ‘कुप्रुम’ म्हणतात, तो शब्दही याच बेटावरून पडला, कारण प्राचीन जगाला येथल्या खाणी तांबे पुरवीत.) प्रेषितांची कृत्ये या ग्रंथात आपले शेत विकून आलेला पैसा प्रेषितांच्या चरणी ठेवणारा लेवी योसेफ, म्हणजेच बर्णबा, हा कुप्रचा रहिवासी. पुढे तेराव्या अध्यायात तो शौलाला घेऊन आपल्या मायभूमीवर परततो. सालामिस बंदरात उतरून दोघे बेट ओलांडून पाफोसला पोहोचतात, रोमन सुभेदार सेर्ग्य पौल विश्वास ठेवतो, आणि याच प्रसंगात पवित्र ग्रंथ शौलाला प्रथमच ‘पौल’ म्हणून संबोधितो. परराष्ट्रीयांच्या प्रेषिताचे जगाला ठाऊक असलेले नाव या बेटावर प्रथम उच्चारले गेले, ही लहान गोष्ट नव्हे.

पाफोसला ख्रिस्ती श्रद्धेपूर्वीचाही एक वारसा आहे. ग्रीक पुराणकथेनुसार प्रेमदेवता आफ्रोदिती ही समुद्राच्या फेसातून जन्मली आणि पाफोसजवळच्या किनाऱ्याला लागली. तिचे मंदिर आजच्या कुक्लिया गावात होते. तेथे घडीव मूर्ती नव्हती. एका शंकूच्या आकाराच्या शिळेची पूजा होत असे. स्वतः घडविलेल्या पुतळ्याच्या प्रेमात पडलेल्या पिग्मॅलियनची कथाही याच बेटाशी जोडलेली आहे. किनाऱ्यावरचा तो प्रसिद्ध खडक पर्यटकांना ‘आफ्रोदितीचा खडक’ म्हणून दाखवितात, परंतु स्थानिक लोक त्याला ‘पेत्रा तू रोमियू’ म्हणजे ‘रोमी माणसाचा दगड’ म्हणतात. बायझंटाइन वीर दिगेनिस याने सारासेन चाच्यांवर तो भिरकावला, अशी लोककथा आहे. एकाच दगडावर दोन दंतकथा आहेत, एक प्रेमाची व दुसरी युद्धाची; आणि सायप्रसच्या शाळांत गेल्या शतकात दुसरीच अधिक मन लावून शिकविली गेली असावी, असे वाटल्यावाचून राहत नाही.

दंतकथेला राजकीय वजन कसे येते, याचे उदाहरण ख्रिस्तसभेच्या इतिहासातही आहे. इ. स. च्या पाचव्या शतकाच्या अखेरीस अंत्युखियाचे धर्मपीठ सायप्रसच्या ख्रिस्तसभेवर आपला अधिकार सांगत होते. अशा वेळी, परंपरा सांगते की, आर्चबिशप अँथेमिओस यांना स्वप्नात दृष्टान्त झाला आणि सालामिसजवळ एका झाडाखाली संत बर्णबाची कबर सापडली; त्यांच्या छातीवर मत्तयकृत शुभवर्तमानाची प्रत होती. सम्राट झेनो याने प्रसन्न होऊन तेथील ख्रिस्तसभेचे स्वातंत्र्य मान्य केले आणि आर्चबिशपांना लाल शाईने सही करण्याचा राजमान दिला. तो मान आजतागायत पाळला जातो. प्रेषिताच्या कबरीने एका लहान ख्रिस्तसभेला स्वायत्तता दिली, हे खरे. पण त्याचबरोबर धर्मपीठ हेच या लोकांचे राष्ट्रपीठ, ही भावनाही तेथूनच मूळ धरू लागली.

पुढे बेटाने धनी बदलले. तिसऱ्या क्रूसयुद्धावर निघालेल्या इंग्लंडच्या रिचर्ड राजाने ११९१ मध्ये ते जिंकले. लिमासोल येथे त्याचा विवाह झाला. वर्षभरात बेट विकले गेले आणि फ्रेंच लुझिन्यान घराण्याकडे आले. निकोसियातील संत सोफियाचे आणि फामागुस्तातील संत निकोलसचे भव्य गॉथिक कथिड्रल हे त्या काळचे. येथे एक कबुली देणे आवश्यक आहे. आपल्या लॅटिन ख्रिस्तसभेने त्या शतकांत स्थानिक ग्रीक ख्रिस्ती जनतेला आणि त्यांच्या बिशपांना दुय्यम लेखले. आज ऑर्थोडॉक्स बंधू पोपमहोदयांच्या भेटीकडे कधीकधी संशयाने पाहतात, त्याची मुळे त्या जुन्या जखमेत आहेत.

१४८९ पासून व्हेनिसने येथे राज्य केले. निकोसियाभोवतीची अकरा बुरुजांची वर्तुळाकार तटबंदी व्हेनिसच्या स्थापत्यकारांनी १५६७ मध्ये उभारावयास घेतली. पण १५७० मध्ये ओटोमन फौजेने शहर घेतलेच. फामागुस्ता ऑगस्ट १५७१ मध्ये पडले. त्याच वर्षीच्या ७ ऑक्टोबरला लेपांतोच्या समुद्रात ख्रिस्ती आरमाराने विजय मिळविला. आपण दरवर्षी पवित्र जपमाळेच्या राणीचा सण साजरा करतो तो त्याच दिवशी. परंतु सणाच्या प्रवचनात सहसा सांगितले जात नाही ते हे की, ज्या सायप्रससाठी ती लढाई उभी राहिली, ते परत मिळाले नाही. व्हेनिसने १५७३ च्या तहात ते सुलतानाला देऊन टाकले. दोन्ही कथिड्रल मशिदी झाल्या, आणि आजही आहेत. गॉथिक कमानींवर चढलेला मिनार पाहून काही प्रवासी हळहळतात. तेथे चारशे पन्नास वर्षे नमाज पढणाऱ्या समाजाच्या लेखी मात्र ती त्यांच्या पूर्वजांची जागा आहे.

१८७८ मध्ये बेट ब्रिटिशांकडे आले. ग्रीक सायप्रियट समाजाला ग्रीसशी एकीकरण हवे होते. जानेवारी १९५० मध्ये ऑर्थोडॉक्स ख्रिस्तसभेने चक्क चर्चमध्ये सह्या घेऊन कौल घेतला आणि सुमारे ९६ टक्के लोकांनी एकीकरणाला संमती दिली. तुर्की सायप्रियट त्यात नव्हते. त्यांच्यातून फाळणीची मागणी पुढे आली. १६ ऑगस्ट १९६० रोजी स्वातंत्र्य मिळाले, परंतु ते कोणालाच मनापासून नको असलेले स्वातंत्र्य होते. तीन वर्षांत, डिसेंबर १९६३ मध्ये दंगली उसळल्या. एका ब्रिटिश सेनाधिकाऱ्याने निकोसियाच्या नकाशावर हिरव्या पेन्सिलीने रेघ ओढली. ती ‘ग्रीन लाइन’. तुर्की सायप्रियट कुटुंबे आपली गावे सोडून बंदिस्त वस्त्यांत कोंडली गेली. संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना मार्च १९६४ मध्ये आली, आणि तिच्या पहिल्या तीन प्रमुखांपैकी दोघे भारतीय होते, असे सांगता येईल इतका आपला तेथे जवळचा संबंध आहे : प्रथम जनरल ग्यानी, नंतर जनरल थिमय्या. थिमय्या यांचा डिसेंबर १९६५ मध्ये सायप्रसमध्येच सेवेत असताना मृत्यू झाला. सायप्रसने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. १९६९ ते १९७६ या कठीण काळात हीच जबाबदारी जनरल प्रेमचंद यांनी वाहिली.

१५ जुलै १९७४ रोजी ग्रीसच्या लष्करशाहीच्या चिथावणीने मकारिओस यांच्याविरुद्ध उठाव झाला, आणि पाचच दिवसांनी तुर्कस्तानचे सैन्य उत्तर किनाऱ्यावर उतरले. बेटाचा एक तृतीयांशाहून अधिक भाग त्याच्या ताब्यात गेला. दीड लाखाहून अधिक ग्रीक सायप्रियट दक्षिणेकडे पळाले, आणि पुढच्या काळात दक्षिणेतील तुर्की सायप्रियट उत्तरेकडे गेले. उत्तरेत १९८३ मध्ये घोषित झालेल्या ‘राष्ट्राला’ तुर्कस्तानखेरीज कोणीही मान्यता दिलेली नाही.

उत्तरेतील चर्चची जी दुर्दशा झाली, तिच्याबद्दल ख्रिस्ती नियतकालिकांत पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि ते असत्य नाही. लिथ्रांगोमी गावच्या कानाकारिया चर्चमधील सहाव्या शतकातील मोझेक चित्रे भिंतीवरून खरवडून विकली गेली. अमेरिकेतील इंडियानापोलिसच्या न्यायालयात खटला चालून ती १९९१ मध्ये परत आली. परंतु दक्षिणेतही मशिदी ओस पडल्या, आणि १९७४ च्या ऑगस्टमध्ये तोख्नी व मराथा येथे तुर्की सायप्रियट ग्रामस्थांची कत्तल झाली. बेपत्ता व्यक्तींच्या संयुक्त समितीच्या यादीत दोन हजारांवर नावे आहेत : १५१० ग्रीक सायप्रियट आणि ४९२ तुर्की सायप्रियट. दोन्ही समाजांचे शास्त्रज्ञ एकाच प्रयोगशाळेत अस्थी जुळवितात. आजवर एक हजाराहून अधिक मृतदेहांची ओळख पटून ते कुटुंबीयांच्या स्वाधीन झाले आहेत. आपल्या बाजूचे दुःख तेवढे मोजायचे, ही सवय सोडल्याशिवाय कोणताही करार टिकणार नाही, असे या लेखकाचे मत आहे.

२००४ चा अनुभव याची साक्ष देतो. कोफी अन्नान यांच्या योजनेवर २४ एप्रिल रोजी मतदान झाले. तुर्की सायप्रियटांपैकी सुमारे ६५ टक्क्यांनी होकार दिला; ग्रीक सायप्रियटांपैकी तीन चतुर्थांशांनी नकार दिला. आठवड्याभरात, १ मे रोजी, सायप्रस युरोपीय संघात दाखल झाला. उत्तरेच्या लोकांना वाटले, आम्ही हो म्हटले आणि बाहेर राहिलो. तो कडवटपणा आजही वाटाघाटींच्या मेजावर येऊन बसतो. एर्हुर्मान यांच्या विजयाने तो विरघळेल असे मानणे भाबडेपणाचे होईल, कारण उत्तरेतील सैन्याचा निर्णय निकोसियात नव्हे, अंकारात होतो. तरीही सामान्य मतदाराने वेगळेपणापेक्षा संवादाला कौल दिला, हे नोंदवलेच पाहिजे.

या दोन मोठ्या समाजांच्या फटीत आपले कॅथलिक बांधव सापडले आहेत. १९६० च्या घटनेने मारोनाइट, लॅटिन आणि आर्मेनियन या ‘धार्मिक गटांना’ ग्रीक किंवा तुर्की यांपैकी एक समाज निवडावयास लावले. त्यांनी ग्रीक समाज निवडला. लेबनॉनहून शेकडो वर्षांपूर्वी आलेल्या मारोनाइटांची मुख्य गावे मात्र उत्तरेत राहिली. कोर्माकिती गावात १९७४ नंतर मुख्यतः वृद्ध माणसे उरली. त्यांची सान्ना ही अरबी बोली बोलणारे आता थोडेच आहेत. भूमी, भाषा आणि विश्वास ही तिन्ही एकदम जाण्याची भीती म्हणजे काय, हे या गावाला विचारावे. दुसरीकडे लॅटिन धर्मग्रामांत रविवारी फिलिपिन्स, श्रीलंका, आफ्रिका आणि भारतातून घरकामाला व मजुरीला आलेल्यांची गर्दी असते. डिसेंबर २०२१ मध्ये दिवंगत पोप फ्रान्सिस निकोसियाच्या होली क्रॉस चर्चमध्ये अशाच स्थलांतरितांना भेटले. हे फ्रान्सिस्कन चर्च ग्रीन लाइनला अगदी खेटून उभे आहे. २०१० मध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे यांनीही तेथेच मिस्साबलिदान अर्पिले होते.

संवादाची खरी कामे अशा ठिकाणी संथपणे चालतात. बेटाच्या ईशान्य टोकावरील प्रेषित आंद्रेया मठाच्या जीर्णोद्धारासाठी ऑर्थोडॉक्स ख्रिस्तसभा आणि तुर्की सायप्रियटांची एव्हकाफ ही वक्फ संस्था, दोघांनीही पैसा दिला. पहिला टप्पा २०१६ मध्ये पूर्ण झाला. लार्नाका येथे संत लाझरसचे चर्च आणि खाऱ्या सरोवराकाठची हाला सुलतान तेक्के ही मशीद एकाच शहरात आहेत; उत्तरेतील मुस्लिम यात्रेकरूंचे जथे शांतिसेनेच्या सोबतीने तेथे येऊन गेले आहेत. फामागुस्तात, जेथे समुद्रकाठचा वरोशा हा भाग १९७४ पासून कुंपणाआड होता आणि २०२० मध्ये एकतर्फी अंशतः उघडण्यात आला, तेथील तटाच्या आतल्या संत जॉर्ज एक्झोरिनोस या चौदाव्या शतकातील चर्चमध्ये २०१४ च्या पवित्र शुक्रवारी अर्धशतकाहून अधिक काळानंतर प्रथमच उपासना झाली. दक्षिणेतून शेकडो लोक बसने आले. उपासनेनंतर काहींनी आपल्या लहानपणीच्या घराचा रस्ता शोधला, आणि काहींना दारात आता राहणाऱ्या कुटुंबाने पाणी दिले.