चाळीस मिनिटं

मागच्या शनिवारी सकाळी, म्हणजे सॉफ्टवेअरवाल्यांच्या सकाळी, साडेदहाला मामेबहिणीचा फोन आला. ती नेरला असते. नेर परसोपंत, यवतमाळहून अमरावतीला जाताना लागतं ते. (धुळ्याजवळचं नेर वेगळं. हा खुलासा मी पुण्यात गेली पंधरा वर्षं करतोय.)

"दादा, माझा तिसरा चॅप्टर गेला."

मला वाटलं लॅपटॉप बसला. बॅकअप, हार्ड डिस्क असलं काहीबाही विचारायला लागलो तर म्हणाली, "तसं नाही रे. चुकला तो. आता पुन्हा करा लागते." आणि हे सांगताना आवाजात चक्क आनंद!

आता जरा पार्श्वभूमी. बाई प्राणिशास्त्रात पीएचडी करतायत आणि एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतायत. तासिका तत्त्व म्हणजे तास घेतला तर पैसे. तिचा विषय गुलाबी बोंडअळी. २०१७ साली या अळीने विदर्भातल्या कापसाचं काय केलं ते तुम्ही निदान बातम्यांत वाचलं असेल. बीटी कापूस भारतात २००२ साली आला, २००६ मध्ये दोन जनुकांचा बीटी आला, आणि दहा-बारा वर्षांत ही अळी त्यालाही पचवून बसली. बोंड बाहेरून हिरवंगार दिसतं, अळी आत असते, फोडल्याशिवाय कळत नाही. म्हणून शेतातून वीस हिरवी बोंडं तोडून फोडायची, डोमकळ्या मोजायच्या, कामगंध सापळ्यात किती पतंग अडकले ते रोज लिहायचं. सलग तीन दिवस सापळ्यामागे आठ-आठ पतंग आले की फवारणीचं बघायचं, असा ठोकताळा आहे. बहिणीचा प्रश्न असा, की नेर तालुक्यात हे पतंग नेमके कधी आणि कुठे वाढतात. ते कळलं तर शेतकरी उगाच फवारणार नाही. यवतमाळ जिल्ह्यात फवारणी हा शब्द कसा ऐकू येतो ते २०१७ मध्ये फवारताना विषबाधा होऊन माणसं गेली त्यानंतर वेगळं सांगायला नको.

दोन हंगाम तिने हे केलं. त्यावर दोन "राष्ट्रीय परिषदां"मध्ये पेपर वाचले. एकीला मीही हजर होतो, म्हणजे तिला गाडीने सोडायला गेलो होतो आणि जेवण चांगलं होतं म्हणून थांबलो. पावणेतीनशे पेपर, दोन दिवस, फी पंधराशे. उद्घाटनालाच साडेबारा वाजले. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, प्रमुख पाहुण्यांना निघायची घाई. मग चार खोल्यांत समांतर सत्रं, माणशी पाच मिनिटं. बहिणीने नववी स्लाइड लावली तेव्हा अध्यक्षांनी घंटी वाजवली. "काही प्रश्न? नाही? छान." टाळ्या. संध्याकाळी तिला उत्कृष्ट शोधनिबंधाचं प्रमाणपत्र मिळालं. मामीने ते फ्रेम करून टीव्हीच्या वर लावलंय.

आणि या जूनमध्ये ती नागपूरला एका तीन दिवसांच्या कार्यशाळेला गेली. सतरा माणसं. बॅनर नाही, पाहुणे नाहीत, प्रमाणपत्र नंतर ईमेलने. बारा जण पीएचडी करणारे आणि पाच जण आधी करून चुकलेले. प्रत्येकाला चाळीस मिनिटं, त्यातली पंधरा बोलायची आणि उरलेली ऐकून घ्यायची. हिने आपला नकाशा दाखवला, त्यावर तिची चोवीस शेतं लाल ठिपक्यांनी. दुसऱ्या मिनिटाला कोपऱ्यातून एका बाईंनी विचारलं, "अगं, ही सगळी एका ओळीत कशी?"

एका ओळीत, कारण एसटी एका ओळीत जाते! बहिणीकडे गाडी नाही. ती यवतमाळ-अमरावती रस्त्यावर बसमधून उतरायची, रस्त्यालगतच्या शेतात जायची, पुढची बस पकडायची. दोन वर्षं तिने जे मोजलं ते नेर तालुक्याचं नव्हतंच, ते एसटीच्या रूटचं होतं.

त्याने काय फरक पडतो, असं मीही विचारलं. तर फरक असा. या अळीचे पतंग साठवलेल्या कापसातून आणि सरकीतूनही निघतात, म्हणून तर जिनिंगच्या आवारातसुद्धा सापळे लावायला सांगतात. आता जिनिंग आणि कापसाची खरेदी गाड्यांच्या सोयीने रस्त्यालाच असायची. शिवाय ज्याच्याकडे पाणी आहे तो फरदड घेतो, म्हणजे हंगाम संपला तरी पऱ्हाटी उपटत नाही, आणि अळीला पुढच्या वर्षापर्यंतचं घर मिळतं. रस्त्याकडेला काय आणि आतल्या कोरडवाहू गावांत काय, हे सारखं असेलच असं नाही. तिने ते तपासलंच नव्हतं. तिच्या गाईडनी नाही, मासिकाच्या तपासनिसांनी नाही, उत्कृष्ट निबंध ठरवणाऱ्यांनीही नाही.

"मग वाईट नाही वाटलं?"

"पहिल्या दिवशी रडली न मी. रूमवर जाऊन. मंग रात्री जेवताना त्याच मॅडम शेजारी येऊन बसल्या. नवीन गावं कशी निवडायची ते त्यांनी कागदावर काढून देलं. चिठ्ठ्या टाकून." जरा थांबून म्हणाली, "दादा, पाच वर्षांत मले कोणी प्रश्नच नव्हता विचारला रे."

हे वाक्य आठवडाभर डोक्यातून जात नाहीये.

कारण आपल्याकडे याच्या बरोबर उलटं आहे. माझ्या पहिल्या नोकरीत माझा अडीचशे ओळींचा कोड एका सीनियरने बेचाळीस कॉमेंट टाकून परत पाठवला होता. दोन दिवस त्याच्याशी बोललो नाही मी. आज जे काही येतं ते त्या बेचाळीस कॉमेंटमुळे (पगार मात्र कंपन्या बदलल्यामुळे). आपण दिवसातून तीनदा कुणाला तरी "जरा बघ ना हे" म्हणतो आणि त्याचं काही वाटत नाही. तालुक्याच्या गावात संशोधन करणाऱ्याला असं म्हणायला माणूसच नसतो. एक गाईड, त्यांच्याकडे आठ विद्यार्थी, त्यांचेही विषय वेगवेगळे.

मग इतक्या परिषदा होतात त्या कशासाठी? उत्तर नियमांत आहे. २०१० मध्ये यूजीसीने प्राध्यापकांच्या भरती-बढतीसाठी एपीआय नावाचे गुण मोजायला सुरुवात केली, त्यात परिषदेत वाचलेल्या पेपरलाही गुण. २०१६ च्या पीएचडी नियमांत प्रबंध देण्याआधी एक छापलेला पेपर आणि परिषदांतली दोन सादरीकरणं सक्तीची झाली. २०२२ च्या नियमांनी ती सक्ती काढली, पण तोवर मांडव, कॅटरर आणि "विशेषांक" काढणारी मासिकं असा सगळा उद्योग उभा राहिला होता. नियम गेले, सवय राहिली. मी आयोजकांना फार दोष देत नाही. गुण सादरीकरणाला मिळतात तर ते पावणेतीनशे सादरीकरणं करवून घेणार. मिळालेल्या प्रश्नाला गुण देणारा तक्ता अजून कुणी काढलेला नाही.

बरं, छोट्या मेळाव्यांची आपल्याला ओळख नाही असंही नाही. पुण्यात लॉ कॉलेज रोडच्या आत, डामले पथावर भास्कराचार्य प्रतिष्ठान आहे. श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ साली काढलेलं. आपण रोज तिथल्या ट्रॅफिकला शिव्या घालत जातो आणि आत गणित चालू असतं. मुंबई विद्यापीठात असताना प्रा. एस. कुमारेसन यांनी १९९३ मध्ये एमटीटीएस नावाची उन्हाळी शिबिरं सुरू केली. चार आठवडे गणित, आणि शिकवायची रीत अशी की शिक्षक प्रश्न विचारत राहणार आणि उत्तर मुलांनी शोधायचं, चुकलं तरी चालेल. तिथली मुलं संशोधनाच्या अलीकडच्या पायरीवरची, पण आपलं अर्धवट उत्तर चारचौघांत बोलून दाखवायची भीड तिथेच मोडते. आमच्या बहिणीची ती सव्विसाव्या वर्षी मोडली.

आपल्या धंद्याचं मूळही असंच निघतं. १९५६ च्या उन्हाळ्यात डार्टमथला जी कार्यशाळा झाली तिच्या अर्जात "दोन महिने, दहा माणसं" एवढीच मागणी होती. "आर्टिफिशियल इंटेलिजन्स" हे नाव त्या अर्जातलं. अर्ज करणाऱ्यांतला जॉन मॅकार्थी कार्यशाळेच्या वेळी अठ्ठावीस वर्षांचा होता. जर्मनीत ओबरवोल्फाखला १९४४ पासून गणिताची संस्था आहे, तिथे जेवणाच्या टेबलावर नावं घातलेले नॅपकिन दर वेळी फिरवून ठेवतात, म्हणजे नवा पोरगा नाइलाजाने मोठ्या नावाशेजारी बसतो. मला ही युक्ती फार आवडली. आपल्या हापिसात सुरू केली तर लोक डबा घेऊन पार्किंगमध्ये जातील, पण तरी.

आता दुसरी बाजू. सतरा जणांच्या कार्यशाळेत अठरावा बाहेर राहतो. बहिणीला तिची बातमी लागली ती एका मैत्रिणीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवरून, योगायोगाने. फी नव्हती, पण जाण्या-येण्याचे आणि राहण्याचे पैसे मामाने दिले. जूनमध्ये कॉलेजला सुट्टी म्हणून जमलं, एरवी तीन दिवस तास बुडाले की तीन दिवसांचं मानधन गेलं. म्हणजे ज्यांना याची सगळ्यात जास्त गरज त्यांनाच ते सगळ्यात महाग. छोटं ते सुंदर म्हणणारे लोक हे सहसा सांगत नाहीत. मला विचाराल तर हे नागपूर-पुण्यात करण्यापेक्षा नेरसारख्या ठिकाणी करावं. खोली लागते, एक फळा लागतो आणि बाहेरून येणारी चार माणसं. जाणकाराने एसटीने नेरला जाणं हे सतरा जणांनी नागपूर गाठण्यापेक्षा स्वस्तच पडेल. उद्घाटन नको. तुमच्यापैकी कुणाला आकडेवारी बरी येत असेल तर अशा खोलीत तुमचाही उपयोग आहे, मात्र दुसऱ्या रांगेत बसून. व्यासपीठावर बसवायला लागले की परत या.

असो. या वर्षीची लागवड झालीय. बहिणीने चिठ्ठ्या टाकून नवी वीस गावं काढली. त्यातल्या सात गावांना बसच जात नाही, म्हणून मामाची जुनी स्कूटी दुरुस्त करून घेतली. विद्यापीठाकडे मुदतवाढीचा अर्ज केलाय, तो मिळेल की नाही माहीत नाही. रस्त्यालगतची जुनी शेतंही ती चालू ठेवणार आहे, तुलनेला. मी दिवाळीत नेरला जाईन तेव्हा सापळे भरात असतील. "तू मागं बस आणि वही धर, पतंग मी मोजतो," असं आत्ताच सांगून ठेवलंय तिने.