वही दिसेनाशी झाली, तेव्हा…

ज्ञानपंचमीला श्वेतांबर परंपरेत आणि श्रुतपंचमीला दिगंबर परंपरेत ग्रंथभांडारे उघडली जातात. पोथ्या बाहेर काढून झटकल्या जातात, वाळवी किंवा ओल लागली आहे काय हे पाहिले जाते आणि नव्या वेष्टनात बांधून त्या पुन्हा जागी ठेवल्या जातात. साधु-साध्वींच्या दिनचर्येतील पडिलेहणाचा आशयही याच जातीचा आहे. वस्त्र, पात्र वा पोथी हाती घेण्यापूर्वी ती नीट न्याहाळायची. जीवरक्षा हा त्याचा मूळ हेतू. पाहिल्यावाचून हात न लावण्याची शिस्त हे त्याचे दुसरे फळ.

व्यापारी घरांत दिवाळीला आजही वहीपूजन होते. परंतु प्रत्यक्ष रोजमेळ आणि खतावणी आता लाल बासनात राहिलेली नाहीत. ती गल्ल्यामागच्या कोनाड्यात ठेवलेल्या एका डब्यात असतात. या डब्यात दोन, चार किंवा अधिक हार्ड डिस्क असतात आणि दुकानातील सर्व संगणक जाळ्यामार्फत त्याच्याशी जोडलेले असतात. जाणकार त्याला ‘नॅस’ म्हणतात. या डब्याने एके दिवशी आपलीच डिस्क ओळखली नाही, तर पेढीने काय करावे?

एक घाईची सकाळ

समजा, लातूरच्या बाजार समितीत आडत असलेली एक पेढी आहे आणि धाकट्या भावाची शाखा नांदेडच्या वजिराबादेत आहे. ऑक्टोबरचा महिना, सोयाबीनची आवक जोरात, शेतकरी पट्टीची वाट पाहत उभे. रात्री वीज तीन-चार वेळा आली-गेली. सकाळी चार कप्प्यांच्या डब्यावर लाल दिवा लागला आणि पडद्यावर सूचना आली : तिसऱ्या कप्प्यात डिस्क आढळली नाही. कोणीतरी डबा बंद करून पुन्हा चालू केला. आता चौथीही दिसेना. चारपैकी एक डिस्क गेली तर काम चालू राहील अशी त्या डब्याची रचना होती. दोन गेल्यावर सगळाच हिशेब अदृश्य झाला. डबा विचारू लागला : नवी मांडणी तयार करू काय?

पुतण्याचे बोट ‘होय’वर गेले. काका म्हणाले, “थांब रे. आधी काय दिसते आहे ते कागदावर उतरवून घे.”

त्या एका वाक्याने पेढी वाचली असे म्हणावे लागेल. डिस्क न दिसणे आणि डिस्कवरील मजकूर नष्ट होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत वही कपाटात असते, फक्त कपाट उघडत नाही. ‘इनिशियलाइज’, ‘फॉरमॅट’ किंवा ‘नवी मांडणी’ यांपैकी काहीही मान्य केले, की दुसरी गोष्ट आपल्याच हाताने घडू शकते.

बाहेरून आत

तपासणी नेहमी बाहेरून आत करावी आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर दोष कशात होता हे कधीच कळत नाही.

प्रथम पाहावे, डबाच दिसत नाही की डब्यातील डिस्क दिसत नाही. दुकानातील कोणत्याच संगणकाला डबा सापडत नसेल आणि डब्यावरचे दिवे मात्र नेहमीसारखे असतील, तर दोष बहुधा जाळ्यात असतो. वीज गेल्यानंतर राउटरने डब्याला नवा क्रमांक दिलेला असतो, स्विच बंद पडलेला असतो किंवा केबल सैल झालेली असते. अशा वेळी डिस्कना हात लावण्याचे कारण नाही.

डबा दिसतो, पण एखादा कप्पा रिकामा दाखवतो, अशा वेळी सूचनेचे छायाचित्र घ्यावे. डबा रीतसर बंद करावा. प्रत्येक डिस्कवर कप्प्याचा क्रमांक चिकटवावा, तिचा अनुक्रमांक वहीत लिहावा आणि मगच ती बाहेर काढावी. क्रम विसरलेल्या चार सारख्या डिस्क म्हणजे पृष्ठांक नसलेली पोथी.

त्यानंतर वीज. सुरू होताना सर्व डिस्क एकदम फिरू लागतात आणि त्या क्षणी सर्वाधिक वीज ओढतात. जुना झालेला अडॅप्टर तेवढी पुरवू शकत नाही आणि एखाद-दुसरी डिस्क जागीच होत नाही. एकदा दिसते, एकदा दिसत नाही, अशी तक्रार असेल तर संशय प्रथम अडॅप्टरवर घ्यावा. नवा अडॅप्टर तेवढ्याच व्होल्टचा आणि जुन्याइतक्या किंवा अधिक अँपिअरचा हवा. यूपीएसची बॅटरी दमली आहे काय, हेही त्याच वेळी पाहावे.

मग जोडणी. डाळ मिल आणि आडत बाजाराच्या परिसरात बारीक भुसा-धूळ सर्वत्र शिरते. कप्प्यातील खाच मऊ कोरड्या कुंचल्याने साफ करावी. आत मुंग्या किंवा पालीचे पिल्लू असेल तर आधी त्याला जपून बाहेर काढावे; येथे पडिलेहण शब्दशः लागू पडते. डिस्क पुन्हा बसवताना ती शेवटपर्यंत गेली आहे याची खात्री करावी.

इतके करूनही डिस्क दिसत नसेल, तर निर्णायक परीक्षा एकच. ती डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून पाहावी. तेथे तिचे नाव आणि आकारमान दिसले, तर दोष कप्प्यात, वायरीत किंवा विजेत असण्याचा संभव अधिक. कोठेच दिसली नाही, तर डिस्कच गेली असे समजावे. मात्र येथे एक सापळा आहे. अशा डब्यांतील मांडणी विंडोजला सहसा वाचता येत नाही, म्हणून तो संगणक ‘ही डिस्क फॉरमॅट करायची काय?’ असे साळसूदपणे विचारतो. उत्तर नेहमी ‘नाही’.

नवी डिस्क आणूनही ती दिसत नाही, असेही घडते. काही जुन्या डब्यांना २ टेराबाइटपेक्षा मोठी डिस्क ओळखता येत नाही. काही नव्या डिस्कमध्ये वीजजोडणीच्या तिसऱ्या पिनेचे काम बदलले आहे. जुना वीजपुरवठा त्या पिनेवर ३.३ व्होल्ट देत राहतो आणि डिस्क तो बंद राहण्याचा आदेश समजते. म्हणून खरेदीपूर्वी उत्पादकाची जुळणाऱ्या डिस्कची यादी पाहावी. नवी डिस्क जुनीपेक्षा लहान नसावी.

डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल तर पुन्हा पुन्हा चालू करून पाहू नये. वीज बंद करून ती तज्ज्ञांच्या हाती सोपवावी.

आरसा म्हणजे नक्कल नव्हे

आपल्या उदाहरणातील पेढीत दोष अडॅप्टरचा निघाला. तो बदलताच चौथी डिस्क परत आली आणि हिशेब दिसू लागला. तिसरी मात्र रात्रीच मागे पडली होती. तिच्यावर मजकूर नव्याने भरणे भाग होते. या कामाला कित्येक तास, कधी दिवसही लागतात आणि उरलेल्या समवयस्क डिस्कवर त्याचा ताण येतो. म्हणून काकांनी आधी संपूर्ण हिशेबाची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतली आणि मगच भरणी सुरू केली. हा क्रम उलटा करू नये.

दोन डिस्कवर तोच मजकूर आहे म्हणून आपण निर्धास्त आहोत, हा समज व्यापारी घरांत फार पसरलेला आहे. डब्यातील आरसा एका डिस्कच्या मरणापासून वाचवतो. चुकून पुसलेली नोंद तो दोन्हीकडे पुसतो, आणि आग, चोरी किंवा पुरापुढे दोन्ही डिस्क एकाच डब्यात असतात. गोदावरी चढली की नांदेडच्या सखल वस्त्यांत पाणी शिरते. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप लातूर विसरलेले नाही. ज्यांची शाखा दोन्ही गावांत आहे, त्यांनी लातूरची प्रत नांदेडला आणि नांदेडची लातूरला ठेवावी. सांकेतिक कुलूप लावलेली एक डिस्क दर आठवड्याला ने-आण करणे अवघड नाही.

कायद्याची अपेक्षाही हीच आहे. वस्तू व सेवा कर कायद्यानुसार हिशेब त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावा लागतो. अपघात किंवा नैसर्गिक कारणाने नोंदी नष्ट झाल्या तरी वाजवी वेळेत त्या परत उभ्या करता येतील अशी प्रत ठेवावी, असे नियम सांगतो. कंपनी असल्यास मुदत ८ आर्थिक वर्षांची, आणि २०२२ पासून संगणकीय हिशेबाची प्रत भारतातील सर्व्हरवर रोज घेणे बंधनकारक आहे.

षट्खंडागमावरील धवला टीका कर्नाटकातील मूडबिद्रीच्या भांडारात ताडपत्रांवर शतकानुशतके जपली गेली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिच्या नकला करण्याचे काम सुरू झाले आणि १९३९ साली डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली अमरावतीहून पहिला खंड छापून निघाला. जपणाऱ्यांनी ग्रंथ टिकवला. नकलांनी तो निर्भय केला.

पेढीच्या खतावणीला आगमाची योग्यता नाही, हे खरे. तरीही तिच्यात कोण्या शेतकऱ्याच्या वर्षभराच्या घामाची रक्कम लिहिलेली असते. ती विसरणे म्हणजे दिलेला शब्द विसरणे. तेव्हा महिन्यातून एक दिवस ठरवावा. डब्याचे दिवे पाहावेत, डिस्कच्या प्रकृतीचा अहवाल वाचावा, दूरच्या गावातील प्रत उघडून त्यातील एक तरी खाते ताळ्याशी मिळवून पाहावे. उघडून न पाहिलेली प्रत ही केवळ समजूत असते. प्रमाद सोडून केलेले हे अर्ध्या तासाचे काम पेढीचे पडिलेहणच आहे.