प्रकरण विचाराधीन आहे

गेल्या नाताळाच्या सुमारास दिल्लीतील मराठी मंडळींच्या एका बैठकीत एका विद्वान गृहस्थांनी येशू ख्रिस्ताच्या डोंगरावरील प्रवचनाचा मोठ्या आदराने गौरव केला, आणि शेवटी, जणू आभारप्रदर्शन करावे इतक्या सहजतेने, ते म्हणाले की हा उपदेश म्हणजे एक नितांतसुंदर काव्य आहे. ते आचरणात आणण्यासाठी नव्हे. श्रोत्यांनी टाळ्या वाजविल्या. त्यांत आम्ही चार-पाच ख्रिस्तीही होतो, हे मला अधिक बोचले. त्या गृहस्थांशी माझे भांडण नाही. जो धर्म त्यांचा नव्हे त्याच्या शिकवणीला त्यांनी काव्य म्हटले, यात त्यांचे सौजन्यच दिसते. माझे भांडण आहे ते माझ्या स्वधर्मीयांशी. कारण हेच मत आम्ही शतकानुशतके अधिक पांडित्याने मांडीत आलो आहोत.

मध्ययुगीन चर्चने सांगितले, की आज्ञा सर्वांसाठी. पूर्णत्वाचा उपदेश मात्र मठवासी संन्याशांसाठी. झाले, संसारी माणूस सुटला. सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथरने ही भिंत पाडली, पण दुसरी उभारली: माणूस वेगळा, त्याचे अधिकारपद वेगळे. विसाव्या शतकाच्या आरंभी आल्बर्ट श्वाइट्झरने प्रतिपादिले, की जगाचा अंत तोंडावर आला आहे अशा समजुतीने येशूने दिलेली ही तात्पुरती नीती होती. श्वाइट्झरचे एक बरे, की 1913 साली तो आफ्रिकेतील लांबारेने येथे रुग्णसेवेसाठी निघून गेला. आपल्या सिद्धान्ताचा आडोसा त्याने स्वतःसाठी घेतला नाही. आपण मात्र तिन्ही आडोसे वापरतो, आणि त्यांतही ल्यूथरचा आपल्याला, म्हणजे नोकरदारांना, फारच मानवतो.

ल्यूथरला न्याय द्यावयाचा तर त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. माझ्या गालावर कोणी मारले तर दुसरा गाल मी पुढे करावा. पण न्यायाधीशाने फिर्यादीचा गाल परस्पर पुढे करू नये. येथवर ठीक. तथापि आम्ही त्या भेदाचे केले काय? माणूस खोटे बोलत नाही, खाते बोलते. मी कोणाला ताटकळत ठेवीत नाही; पद्धतच तशी आहे. रविवारी उपासनेला उभा राहणारा मी निराळा, आणि सोमवारी मसुदा लिहिणारा मी निराळा. या बाबतीत कर्मणी प्रयोगाचे आमच्यावर अनंत उपकार आहेत. ‘कळविण्यात येते’, ‘कार्यवाही करण्यात येत आहे’, ‘प्रकरण विचाराधीन आहे’. कळविणारा कोण, करणारा कोण, विचार कोणत्या डोक्यात चालू आहे, याचा पत्ता सबंध वाक्यात लागत नाही.

हे मी दुसऱ्यांविषयी लिहीत नाही. एका दिवंगत कर्मचाऱ्याच्या पत्नीचे कुटुंब-निवृत्तिवेतनाचे प्रकरण माझ्या मेजावर होते. त्या बाईंची दीड वर्षात तीन पत्रे आली, आणि तिन्ही वेळा ‘आपले प्रकरण विचाराधीन आहे’ असे उत्तर मी लिहिले. वस्तुस्थिती अशी होती, की मूळ कागद आमच्याकडून गहाळ झाले होते आणि कोणीही कसलाही विचार करीत नव्हते. या तीन उत्तरांबद्दल मला कधी ठपका आला नाही. किंबहुना प्रलंबित पत्रांच्या मासिक तक्त्यात ती ‘निकालात काढलेली’ म्हणून जमा झाली. त्या दीड वर्षात मी उपासना चुकविली नव्हती.

मत्तयाच्या पाचव्या अध्यायात येशू सांगतो, की तुमचे होय ते होय असावे आणि नाही ते नाही. यात काव्य कोठे आहे? उपमा नाही, अलंकार नाही. कारकुनाच्या टिप्पणीला लागू पडावे इतके कोरडे वाक्य आहे हे. ज्यांनी ते ऐकले ते लोकही डोंगरावर तपाला बसलेले नव्हते. कोळी होते, शेतकरी होते, रोजंदारीवर जगणारे होते. जकातदार त्याच्या पंक्तीला जेवत, अशी तर त्याच्याविरुद्ध तक्रारच होती. जकातदार बाप्तिस्मा घ्यावयास आले तेव्हा योहानाने त्यांना नोकरी सोडावयास सांगितले नाही. ठरल्यापेक्षा अधिक घेऊ नका, एवढेच सांगितले. आणि जक्कय? यरीहोतील हा मुख्य जकातदार उंबराच्या झाडावरून उतरला, येशूला घरी घेऊन गेला आणि त्याने हिशेब मांडला: अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्यांना नाडले त्यांना चौपट परत. त्याचा पश्चात्ताप आकड्यांत होता. त्याने पद सोडले, असे लूक लिहीत नाही.

दुसऱ्या कोसाची गोष्ट तर आपल्या भाषेत आपसूकच उमगावी, कारण ‘वेठ’ हा शब्द आपल्या खेड्यांनी अंगावर सोसलेला आहे. रोमी शिपाई वाटेत कोणालाही धरून त्याच्या डोक्यावर ओझे देऊ शके. येशूचा क्रूस वाहण्यासाठी कुरेनेकर शिमोनाला धरले, तेथेही मूळ ग्रीकमध्ये हेच क्रियापद आहे. एक कोस नेले तर दोन कोस जा, हे येशूने ज्यांच्या डोक्यावर ओझे होते त्यांना सांगितले, आणि तो स्वतः त्यांच्यांतलाच होता. हे वचन शिपायाने हमालाला ऐकवावयाचे नव्हे. आपल्याकडे मात्र सोशिकपणाचा हा उपदेश वरच्याने खालच्याला, सासूने सुनेला आणि पाळकाने बेकार तरुणाला करण्याचा प्रघात आहे. जो स्वतः पहिला कोसही चाललेला नाही त्याला दुसऱ्या कोसावर प्रवचन देण्याचा अधिकार कोणी दिला?

आणि वेदीजवळ आपले अर्पण ठेवून आधी भावाशी समेट करावयास जा, या आज्ञेचे आम्ही काय केले, ते आमच्यात सोयरीक जुळविताना पाहावे. बाप्तिस्म्याला चार पिढ्या झाल्या, तरी ‘मूळचे कोण?’ हा प्रश्न चहाबरोबर येतोच.

यावर आमचे लोक रेव्हरंड टिळकांचे व पंडिता रमाबाईंचे नाव पुढे करतात. 1896-97 च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतात जाऊन निराधार स्त्रिया व मुली केडगावला आणल्या; टिळकांनी 1917 साली मिशनची पगारी नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ स्थापिला. ही नावे घेताना माझाही ऊर भरून येतो. पण त्यांचे चारित्र्य आम्ही संस्थेच्या ठेवीसारखे वापरतो: मुद्दल त्यांचे, व्याजावर आमचा निर्वाह. टिळकांची गीते गाणाऱ्याच्या टिप्पणीतील ‘विचाराधीन’ त्यामुळे खरे ठरत नाही.

त्या बैठकीनंतरच्या आठवड्यात बाईंचे चौथे पत्र आले. जक्कयाप्रमाणे चौपट देण्याजोगे माझ्याजवळ काही नव्हते. दीड वर्ष कोणाला चौपट परत करता येत नाही. मी मसुदा लिहिला: ‘आपले मूळ कागद या कार्यालयाकडून गहाळ झाले आहेत. प्रती असल्यास पाठवाव्यात. झालेल्या विलंबाची चूक आमची आहे.’ साहेबांनी तीनही वाक्ये खोडून वर ‘विचाराधीन’ असे लिहिले. मी तोच मसुदा पुन्हा ठेवला. तीन दिवस तो दोन मेजांमध्ये हेलपाटे घालीत राहिला. चौथ्या दिवशी त्यांनी मला बोलावून विचारले, की उद्या चौकशी झाली तर नाव कोणाचे येईल? माझे येईल, असे मी म्हणालो. हे शौर्याने म्हटले नाही; घसा कोरडा पडला होता. त्यांनी शेवटचे वाक्य काढून टाकले आणि उरलेल्या दोहोंवर सही केली.

बाराव्या दिवशी पाकीट आले. सर्व प्रती होत्या, साक्षांकित केलेल्या, घडीवर घडी घालून ठेवलेल्या. सोबत दोन ओळी होत्या: प्रती पहिल्यापासून जवळच होत्या, कोणी मागितल्या नव्हत्या, म्हणून पाठविल्या नाहीत.