देवमाशांची वाणी आणि आपलें कर्तव्य

समुद्राच्या पृष्ठभागावर लाटांचा घोष चालला असला, तरी खालीं अखंड शांतता नांदत असेल, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. ती सर्वस्वीं चुकीची आहे. ध्वनि हवेंत सेकंदास सुमारें ३४० मीटर जातो, तर समुद्राच्या पाण्यांत सुमारें १५०० मीटर. उलटपक्षीं प्रकाश थोड्याच खोलीवर क्षीण होतो. जेथें डोळे निरुपयोगी, तेथें कानांवरच संसार चालवावा लागतो. देवमासा हा केवळ नांवाचा मासा. तो फुप्फुसांनीं श्वास घेतो, पिलास दूध पाजतो आणि आपल्या आप्तांशीं ध्वनीच्या द्वारें संबंध ठेवतो.

या विषयाच्या शास्त्रीय अभ्यासास फार काळ लोटलेला नाहीं. विल्यम शेव्हिल व बार्बरा लॉरेन्स यांनीं कॅनडांतील सॅगने नदींत पांढऱ्या देवमाशांचे आवाज पाण्यांत यंत्र सोडून टिपले व त्यांचा वृत्तांत १९४९ सालीं प्रसिद्ध केला. पुढें बर्म्युडा बेटाजवळ फ्रँक वॉटलिंग्टन यांना समुद्रांतील श्रवणयंत्रांवर विलक्षण आलाप ऐकूं आले. ते ‘हंपबॅक’ जातीच्या देवमाशांचे होते. रॉजर पेन व स्कॉट मॅकव्हे यांनीं १९७१ सालीं दाखवून दिलें कीं, हे स्वर स्वैर नसून ठराविक क्रमानें पुनः पुनः येतात. म्हणून त्यांस गीत म्हणणेंच योग्य. या गीतांची ध्वनिमुद्रिका १९७० सालींच निघाली होती. ज्या प्राण्याकडे लोक तेल व मांस यांचा सांठा म्हणून पाहत होते, त्याचा कंठ त्यांनीं प्रथमच ऐकला. १९८२ सालीं व्यापारी शिकार थांबविण्याचा आंतरराष्ट्रीय ठराव झाला व तो १९८६ पासून अमलांत आला. त्यामागील लोकमत घडविण्यांत या गीतांचा वांटा लहान नव्हता.

‘स्पर्म’ जातीचे देवमासे गात नाहींत. ते टिकटिक असे ठोके देतात. त्यांच्या समूहांत ठोक्यांच्या निरनिराळ्या परंपरा आढळतात व पिलें त्या आपल्या समूहांतच शिकतात. डॉमिनिका बेटाजवळील अशा ८,००० हून अधिक ठोकेमालिका तपासून संशोधकांनीं २०२४ सालीं सांगितलें कीं, तबल्याच्या बोलांप्रमाणें त्यांतही ताल व लय यांचे भेद पद्धतशीरपणें योजिलेले असतात. त्यांचा अर्थ मात्र अद्याप उलगडलेला नाहीं. म्हणून त्यांस ‘भाषा’ म्हणण्याची घाई करूं नये; आणि ‘जनावरांची ओरड’ म्हणून हेटाळणीही करूं नये.

कोणी विचारील, या खटाटोपाचा उपयोग काय? माझ्या मतें उपयोग हाच कीं, त्यायोगें आपल्या हातून होणारा एक अन्याय आपणांस कळला. जहाजांच्या यंत्रांचा व पंख्यांचा आवाज खोल व दीर्घ असतो. मोठ्या देवमाशांची हांकही त्याच पट्टींतली. भर बाजारांत आईनें मुलास हांक मारावी आणि ती गोंगाटांत बुडून जावी, तशी त्यांची स्थिति होते. २००१ च्या सप्टेंबरांत अमेरिकेवरील हल्ल्यानंतर जहाजांची वाहतूक कांहीं दिवस मंदावली. तेव्हां कॅनडाजवळील फंडीच्या उपसागरांत गोंगाट कमी झाला आणि तेथील ‘राइट’ देवमाशांच्या शरीरांतील ताणदर्शक द्रव्यांचें प्रमाणही उतरलें, असें २०१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत दिसून आलें.

व्यापार बंद करा, असें कोणी म्हणत नाहीं. आपल्या मुंबईचा उदरनिर्वाहही पुष्कळ अंशीं जहाजांवरच झाला आहे. परंतु समुद्रांत सांडलेलें तेल वर्षानुवर्षें राहतें. गोंगाट मात्र थांबविला कीं तत्क्षणीं नाहींसा होतो. व्हँकूव्हर बंदराच्या वाटेवर २०१७ सालीं जहाजांनीं आपण होऊन वेग कमी करून पाहिला, तेव्हां पाण्यांतील आवाज खरोखरच घटला. इतका सुलभ उपाय हाताशीं असतां तो जगभर केवळ ऐच्छिक ठेवावा, हें उचित नव्हे. जेथें हे प्राणी वास करितात, तेथें मंद गति हा नियमच झाला पाहिजे.

उत्पत्तीच्या पुस्तकांत मोठे जलचर पांचव्या दिवशीं, म्हणजे मनुष्याच्या एक दिवस आधीं, निर्माण झाल्याचें सांगितलें आहे. आधीं आलेल्या शेजाऱ्याचा मान राखणें हा तर आपल्या घरचाच शिष्टाचार. विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकीं कोणी उद्यां नाविक होईल, कोणी यंत्रज्ञ, कोणी शास्त्रज्ञ. नाविकानें वेग आवरावा, यंत्रज्ञानें शांत चालणारा पंखा घडवावा आणि शास्त्रज्ञानें धीरानें ऐकत राहावें. पालकांसही विनंती कीं, मुलानें असा ‘निरुपयोगी’ विषय निवडला, तर त्याला परावृत्त करूं नये.